आठापैकी किती

सकाळचे साडेआठ व्हायला दोन मिनिटं कमी होती. ती वेधशाळेच्या गच्चीवर मधोमध उभी होती, मान मागे टाकून, रोजच्यासारखी. आणि एकाएकी तिला वाटलं, आपण पडणार. खाली नव्हे, वर. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, त्यामुळे नजर टेकवायला जागाच नव्हती. निळं होतं, त्या निळ्याच्या मागे आणखी निळं होतं, आणि त्याच्याही मागे जे होतं त्याला रंग नव्हता, नुसती खोली होती. विहिरीच्या काठावरून वाकून पाहावं तशी ती पाहत होती, फक्त या विहिरीला कठडा नव्हता आणि तळही नव्हता. तिच्या हातातली पेन्सिल सुटली आणि टपकन फरशीवर पडली, तेव्हा तिला त्याचंच नवल वाटलं, की ही अजून खालीच पडते. मग तिनं वाऱ्याच्या यंत्राचा लोखंडी खांब दोन्ही हातांनी कवटाळला. डोळे मिटून घेतले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, एकोणीस वर्षं नोकरी झालेली, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, गुडघ्यांवर रांगत रांगत जिन्याच्या दारापर्यंत गेली. खाली येऊन तिनं रजिस्टर उघडलं आणि ढगांच्या रकान्यात शून्य लिहिलं. ती नोंद खरी होती. दुपारची, दाराची चौकट धरून कशीबशी केलेली, तीही खरी होती. पुढच्या अकरा दिवसांतली एकही खरी नव्हती.

तिचं काम सांगायला सोपं आणि ऐकणाऱ्याला हसू येईल असं होतं. आभाळाचे मनातल्या मनात आठ वाटे करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे गच्च. धुक्यामुळे आभाळच दिसेनासं झालं असेल तर नऊ. सकाळी साडेआठला एकदा, दुपारी अडीचला एकदा. पूर्वी तापमान, वारा, हवेचा दाब हेही गच्चीवर जाऊन टिपावं लागे. मग यंत्रं आली, तारा ओढल्या गेल्या आणि सगळे आकडे खालच्या खोलीतल्या पडद्यावर आपोआप उमटू लागले. इथल्या यंत्रांना एवढं सगळं यायचं, फक्त मान वर करून बघता यायचं नाही. तेवढ्यापुरती माणसाची गरज उरली होती, आणि ते माणूस म्हणजे ती. तिचा नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं, त्यावर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून विनाकारण हसत असत. चारचौघांत तो तिला ‘आमची मोजणीबाई’ म्हणायचा. म्हणायचा, लोक वीतभर जमिनीवरून डोकी फोडतात, हिच्या ताब्यात अख्खं आभाळ आहे, पण एक तुकडा नवऱ्याच्या नावावर करेल तर शपथ. ती हसायची. तेव्हा आभाळ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती.

माणसावर आभाळ कोसळतं, असं सगळेच म्हणतात. आभाळ फाटतं, आणि मग ठिगळ कुठं कुठं लावायचं असा प्रश्न पडतो. कुणाला आनंदानं आभाळ ठेंगणं होतं. पण माणूसच आभाळात कोसळतो असं कुणी म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि ज्या गोष्टीला बोलीत शब्द नाही ती दुसऱ्याला सांगायची कशी? त्या दिवशी घरी परत जाताना ती भिंतीच्या कडेकडेनं गेली. झाडाखालून गेली, दुकानांच्या पत्र्यांखालून गेली, आणि जिथं चौक ओलांडायचा होता तिथं खाली मान घालून पळत सुटली. रिक्षावाला ओरडला. तिला आपल्या वडिलांची आठवण झाली. ते घरं रंगवायचे, त्यातही छतं रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सुट्टीच्या दिवशी ते तिला कामावर बरोबर नेत आणि रिकाम्या खोलीत जुन्या चादरीवर निजवून ठेवत, म्हणजे अंगावर रंग उडू नये. ती उताणी पडून बघायची. ते शिडीवर, मान मोडेस्तोवर वर बघत, कडेपासून सुरुवात करून हळूहळू मधल्या भागाकडे येत. मधूनच विचारत, ‘‘काय गं, कुठं राहिलंय का?’’ आणि ती बोट दाखवायची. राहिलेली जागा शोधण्यात तिचे डोळे तेव्हापासून तयार झाले होते. पण ते छत होतं. छताच्या वर कौलं होती, कौलांच्या वर काय आहे हे विचारायची तिला कधी गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती जिना चढली. गच्चीच्या लोखंडी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि हाताला दरदरून घाम फुटला. कडी काढली असती तर दार उघडलं असतं, आणि दार उघडलं असतं तर ते सगळं तिथंच असणार होतं, तिची वाट पाहत. जिन्याच्या वळणावर पश्चिमेला एक खिडकी होती, हातभर रुंद. तिच्यातून आभाळाची एक फळी दिसायची. त्या फळीत थोडे पांढरे पुंजके होते. तिनं हिशेब मांडला, इथं एवढे तर सगळीकडे एवढे, आणि खाली येऊन लिहिलं, तीन. कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? आभाळ काही सही करायला येत नाही. दुपारी चार लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती वळणापुढे चढलीही नाही. त्या संध्याकाळी नवरा शहराच्या पूर्वेकडल्या दवाखान्यात कवळ्या पोचवून आला, म्हणाला, ‘‘तिकडे काय काळंकुट्ट झालं होतं दुपारी! मला वाटलं, आता भिजतो,’’ आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्या दुपारी तिनं दोन लिहिलं होतं. हातपाय धुवायला तो मोरीत गेला, तरी ती तिथंच उभी होती. टेबलावरचे सगळे जबडे हसत होते.

हे खोटं किती मोठं होतं, ते वेधशाळेत काम न केलेल्याला चटकन कळायचं नाही. त्या रजिस्टरात अठ्ठावन्न वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. एकदा वादळात गच्चीवरची शेड उडून गेली होती, त्या दिवशीही कुणीतरी फरशीवर पालथं पडून, मान वळवून ढग मोजले होते आणि आकडा लिहिला होता. नव्या माणसाला साहेब पहिल्याच दिवशी समोर बसवून नियम सांगत. खोडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही. आणि पाहिलं नसेल तर लिहायचं नाही. साहेब म्हणायचे, ‘‘रिकामा रकाना ही लाज आहे. पण खोटा भरलेला रकाना म्हणजे विहिरीत विष. पन्नास वर्षांनी कुणी प्यायला तरी मरेल.’’ साहेब बोलायचे असेच, जरा नाटकी. पण त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतः एक आकडा अंदाजानं लिहिला नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. महिन्याचं रजिस्टर तीस तारखेला दुपारी तीनच्या टपालानं मुख्य कचेरीत जायचं आणि तिथं छापलं जायचं. एकदा गेलं की गेलं. मग त्यातला दोन हा कायमचा दोन.

नवऱ्याच्या लक्षात आलं ते कपड्यांवरून. ती वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात जाईना. मग लख्ख ऊन नसतानाही ती छत्री उघडून दूध आणायला निघाली, तेव्हा त्यानं हातातली कवळी खाली ठेवली.

‘‘अगं, काय झालंय तुला? ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कसली?’’

‘‘असू दे.’’

‘‘असू दे काय? चार दिवस बघतोय मी. जेवत नाहीस. पाली चालतात तशी भिंतीला धरून चालतेस.’’

ती उंबऱ्यातच थांबली. उघडलेली छत्री तिनं पुन्हा मिटून धरली होती, दुधाचं भांडं दुसऱ्या हातात. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘मला वर पडायची भीती वाटते.’’ तो हसायला तोंड उघडणार होता, सवयच त्याची; पण तिचा चेहरा पाहून त्यानं ते मिटलं. तिच्या हातातून भांडं घेतलं. तो स्वतः दूध घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. जाताना रस्ताभर त्यानं तिच्या दंडाला घट्ट धरलं होतं, जणू त्यानं सोडलं तर ती खरंच उडून जाईल. तिला त्या धरण्याचं फार बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. एवढ्यावरच तिचे डोळे भरून आले. त्यांनी सगळं विचारलं, गच्ची, खांब, रांगणं. काही दिवसांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘‘याच्या जोडीला रोज दहा मिनिटं लिहायचं.’’

‘‘मी रोजच लिहिते. एकोणीस वर्षं.’’

‘‘ते आभाळाचं. तुमचं कोण लिहितं?’’

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, सुंदर लिहायचं नाही, शहाण्यासारखं लिहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. भीती आली की ती कशी आली, अंगात कुठं आली, किती आली, किती वेळानं गेली. बस. ‘‘तुम्ही तर यातल्या जाणकार आहात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘निरीक्षण करायला तुम्हाला मी काय शिकवणार?’’ तिला वाटलं, या बाईला माझी चेष्टा करायची आहे. घरी येऊन ती तसंच बोलली. नवऱ्यानं खणातून एक कोरी वही काढून दिली. त्याच्या धंद्याची वही होती, छापील रकान्यांची: तारीख, वरची, खालची, छटा. कुणाला वरची कवळी हवी, कुणाला खालची, दात किती पिवळट ठेवायचे, ते तो तीत टिपून ठेवायचा. ‘‘दुसरी नाही घरात,’’ तो ओशाळून म्हणाला. ‘‘चालवून घे.’’

रकाने दिसले की ते भरायचे, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. साधी कोरी वही मिळाली असती तर ती कदाचित एक ओळही लिहू शकली नसती. ‘वरची’ खाली तिनं आभाळ लिहिलं. ‘खालची’ खाली स्वतःला लिहिलं. ‘छटा’मध्ये भीतीचा आकडा, आठापैकी. पहिल्या दिवशीची नोंद अशी होती: वर, खिडकीतून पश्चिमेची फळी, दोन पुंजके, कडा विस्कटलेल्या, खाली, तळहात ओले, कानात घूं, सहा. वाचून तिला स्वतःचाच राग आला. ही काय रोजनिशी? पण दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, आणि तिसऱ्या, आणि चौथ्या दिवशी हात आपणहून चालला आणि त्यानं जे लिहिलं ते पाहून ती खुर्चीत मागे सरकली. लिहिलं होतं: आज वर गेले नाही. कालही नाही. रजिस्टरात पाच लिहिले, ते खोटे. मला माहीत नाही किती होते. बाहेर पोस्टमन कुणाला तरी हाक मारत होता. तिनं पेन खाली ठेवलं आणि दाराकडे पाहिलं, कुणी आलं तर नाही. चोराच्या मनात चांदणं. मग तिनं पुन्हा ती ओळ वाचली. आठवड्यात तिच्या हातून उतरलेली पहिली खरी नोंद ती होती, आणि ती कवळ्यांच्या वहीत उतरली होती.

तिथून पुढे तिचं ते वेड वाढत गेलं. वेडच म्हणायचं, कारण दहा मिनिटांची वीस झाली, विसाची चाळीस. कचेरीत खोटं लिहायचं आणि घरी येऊन ते खोटं कबूल करायचं, असे आणखी तीन दिवस गेले. मग तिला रजिस्टरचा बांधलेला कोपरासुद्धा पाहवेना आणि तिनं आजारपणाची रजा टाकली. रजेत ती दिवसभर स्वतःवर डोळा ठेवून बसली. भीती कुठून येते ते पाहू लागली. ती आधी पोटरीत यायची, हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटायचं छातीत येते. पोटरीतून गुडघ्यात, गुडघ्यातून मध्ये काही न शिवता थेट टाळूला. घड्याळ समोर ठेवून ती अंगणाच्या उंबऱ्यावर बसायची, छत्री हळूहळू मागे कलती करायची आणि आकडे टिपायची. चार. सहा. आठ, आठ, आठ. आणि मग, तिनं काहीही न करता, सात. तिला पटेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. आठ कधीही चार-पाच मिनिटांच्या पुढे टिकत नव्हतं. पाच दिवस, रोज तीनदा, पंधरा वेळा तिनं ते पाहिलं आणि पंधराही वेळा ते उतरलं. एवढी वर्षं ढगांचं येणं-जाणं टिपणाऱ्या बाईला हे कळायला कवळ्यांची वही लागली, की आत जे भरून येतं तेही येतं आणि जातं, आणि ते बघत बसणारं कुणीतरी आत वेगळंच आहे, ते भीत नाही, ते नुसतं लिहितं. हे लिहिणारं कोण? तिला आदल्या रात्रीपर्यंत त्याची ओळखही नव्हती. त्याच्याविषयी तिला एकदम इतका आदर वाटला की ती उंबऱ्यावर सावरून बसली, पदर नीट केला, घरात कुणी वडीलधारं आल्यासारखा.

आणि एकदा, त्या आठच्या ऐन मध्यावर, तिनं डोळे मिटून न घेता ‘वरची’चा रकाना लिहायला घेतला. काय दिसतं तेवढंच लिहायचं. तिनं लिहिलं: निळे. मग ते पुरेना म्हणून लिहिलं: निळ्याच्या मागे निळे. मग लिहिलं: कुठेही संपत नाही. मग तिच्या हातानं लिहिलं: केवढे हे. आणि त्याच्यापुढे, तिच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत जो शब्द तिनं कुठल्याही रकान्यात लिहिला नव्हता तो: सुंदर. भीती अजून आठच होती. दोन्ही एकाच वेळी होतं, एकाच जागी होतं, वेगळं काढता येत नव्हतं. तिला रडू आलं. आपण आजवर ढगच मोजत आलो, ढग नसलेलं जे होतं त्याला शून्य म्हणत आलो, आणि ते शून्य हे होतं! ते रोज सकाळी साडेआठला तिथं होतं, आणि आपण त्याच्यासमोर पेन्सिल घेऊन उभ्या राहत होतो, हिशेबनिसासारख्या. घाबरलो ते बरंच झालं म्हणायचं. एवढं मोठं बघून न घाबरणारं माणूस एक तर बघत नसेल, किंवा त्याला दिसत नसेल.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी तिनं नवऱ्याला रजिस्टरचं सांगितलं. उद्या कामावर हजर व्हायचं होतं आणि उद्याच रजिस्टर जायचं होतं. तो खालच्या जबड्याचे दात मेणात बसवत होता.

‘‘जाऊ दे ना,’’ तो म्हणाला. ‘‘ढगाला काय फरक पडतो? बरी होत आलीस, आता कशाला हात दाखवून अवलक्षण? नोकरीवर यायचं.’’

‘‘छापलं जाईल हो ते.’’

‘‘कोण वाचतंय?’’

‘‘तुम्ही देता का चुकीच्या मापाची कवळी? कोण बघतंय म्हणून?’’

त्यानं मेण तापवायचा दिवा विझवला. बोटं पुसली. मग म्हणाला, ‘‘दिली होती एकदा. लग्न व्हायच्या आधी. एक म्हाताऱ्या बाई होत्या. मला साच्यातच कळलं होतं की चावताना वर-खाली जुळणार नाही. पण पुन्हा करायचा कंटाळा. दिली तशीच. त्या म्हणाल्या, छान झाली. आठ वर्षांनी त्यांची सून भेटली. म्हणाली, सासूबाई ती कवळी फोटोपुरती घालायच्या, जेवायला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत.’’ तो टेबलावरच्या जबड्यांकडे बघत राहिला. ‘‘आठ वर्षं भात मऊ करून खाल्ला बाईनं.’’ मग दिवा पुन्हा पेटवत म्हणाला, ‘‘सांग तू साहेबांना.’’

तीस तारखेला ती दुपारी हजर झाली; सकाळची नोंद साहेबांनीच केली होती. तिच्या रजेत ते रोज दोनदा गच्ची चढत होते, दुखऱ्या गुडघ्यानं. ती आत गेली तेव्हा ते मोठ्या लिफाफ्यावर पत्ता लिहीत होते आणि खुशीत होते. ‘‘या. बरं वाटतंय ना? माझ्या हातचं शेवटून तिसरं रजिस्टर हे. अठ्ठावन्न वर्षं, बाई! एक रकाना रिकामा नाही.’’ तिनं खुर्चीही ओढली नाही. उभ्या उभ्या सांगितलं. नऊ तारखेपासून एकोणीसपर्यंत मी वर गेले नाही. आकडे खिडकीतून लिहिलेत.

‘‘अकरा दिवस?’’

‘‘हो.’’

‘‘दिवसाला दोन. बावीस?’’

‘‘बावीस.’’

साहेबांनी लेखणीला टोपण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा उतरला नाही, तो म्हातारा झाला. ‘‘तुम्ही,’’ ते म्हणाले, ‘‘दुसरं कुणी असतं तर मला काही वाटलं नसतं.’’ तिला वाटलं, यांनी ओरडावं. ते ओरडले नाहीत. त्यांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं, त्यावर पट्टी ठेवली, खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. ती बसली. नऊ तारीख, तीन, रेघ, सही. नऊ तारीख, चार, रेघ, सही. रेघेखालून आकडा वाचता येतो ना, ते दर वेळी पाहायचं. बावीस रेघांना बराच वेळ लागला. कागदावर पट्टी सरकल्याचा आवाज होत होता, दुसरा कसलाच नाही. आपण साहेबांची अठ्ठावन्न वर्षं फाडतो आहोत असं तिला वाटत होतं, आणि तरी प्रत्येक सहीबरोबर श्वास जरा खाली उतरत होता.

‘‘मला वर कळवावं लागेल,’’ साहेब खिडकीकडे तोंड ठेवून म्हणाले. ‘‘इथून हलवतील तुम्हाला. कदाचित कारकुनी देतील.’’

‘‘कळवा साहेब.’’

‘‘पण का? एवढं तरी सांगा. कंटाळा? आळस? तुम्ही?’’

सांगून कळणार नव्हतं. तिनं पिशवीतून वही काढली. कुणाला दाखवायची नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण ती दाखवत नव्हती, वाचत होती. पोटरीतून येते ते वाचलं. आठ, आठ, आठ, सात वाचलं. खोट्याची कबुली वाचली, तारखांसकट. आणि मग ती ओळ, जिच्यात तो शब्द होता, तीही वाचली. साहेब केव्हातरी वळले होते. त्यांनी वहीचे छापील रकाने पाहिले, ‘वरची, खालची’, आणि नेहमी जसे ते यावर हसले असते तसे हसले नाहीत.

‘‘मला कधी नाही वाटली,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘भीती. चौतीस वर्षं दिवसातून दोनदा वर बघितलं मी. मला आकडा दिसला. नेहमी बरोबर दिसला.’’ ते खुर्चीत बसले, गुडघा चोळत. त्यांच्या बोलण्यात राग उरला नव्हता, काहीतरी हातचं निसटल्यासारखं होतं. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, ‘‘अडीच होतील. बसा तुम्ही. मी जातो.’’

‘‘मी जाते,’’ ती म्हणाली.

जिना. वळणावरची खिडकी, तिच्यात ती डोकावली नाही. लोखंडी दार, कडी. पोटऱ्या. कडी काढली आणि ती बाहेर आली आणि ते सगळं तिथं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, उघडं, लख्ख, एवढा वेळ कुणीही बघत नसताना तेवढंच मोठं. गुडघे गेले. या वेळी तिनं खांब धरला नाही, खांबापर्यंत पोचलीच नाही. ती सरळ फरशीवर उताणी झाली, हात पसरून, फरशी पाठीला चटके देत होती आणि तिला वाटत होतं, आता सुटले, आता गेले. सहा. आठ. आठ. तिनं डोळे उघडे ठेवले. ती हलकेच पडू लागली, वर, आणि पडत राहिली, आणि कुठंही आपटली नाही. आठ. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे आपण एवढ्याशा आहोत याचं तिला वाईट वाटलं नाही, उलट एवढ्याशा डोळ्यांत हे एवढं मावतं कसं, याच नवलानं ती गप्प झाली. सात, लिहिणारं आतून म्हणालं. मग तिनं कडेपासून सुरुवात केली. उत्तर, ईशान्य, पूर्व. कुठं राहिलंय का, बघत बघत. काही नव्हतं. दक्षिण. नैर्ऋत्य. आणि तिथं, पाण्याच्या टाकीच्या बरंच वर, कापसाच्या बोळ्याएवढं, विरत चाललेलं काहीतरी होतं. दारात उभं राहून पाहिलं असतं तर ते दिसलं नसतं. नियम असा आहे की पूर्ण निरभ्र असेल तरच शून्य. टाचणीएवढा ढग असला तरी एक.

ती खाली आली तेव्हा तिच्या पाठीला फरशीची धूळ होती. तिनं वेळेच्या रकान्यात दोन तीस लिहिलं नाही. दोन चौतीस लिहिलं. ढगांच्या रकान्यात एक. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: निरीक्षक चार मिनिटे घाबरली होती, म्हणून उशीर. दृश्यमानता उत्तम. सही केली आणि रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी शेरा वाचला. मग आकड्यावर बोट ठेवलं. ‘‘एक? मी आत्ता बघितलं की खिडकीतून. निरभ्र आहे.’’

‘‘एक आहे, साहेब. टाकीच्या वर. विरत चाललाय. उताणं पडल्याशिवाय नाही दिसायचा.’’

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या केसांतल्या धुळीकडे पाहिलं. चौतीस वर्षांत शंका आलेल्या आकड्याखाली त्यांनी न तपासता सही केली नव्हती. ते उठले, भिंतीला धरून एकेक पायरी जिना चढू लागले. वर दार वाजलं. लिफाफा टेबलावर उघडा पडला होता. तिनं डिंकाची बाटली जवळ घेऊन ठेवली. पावणेतीन झाले. टपालाची गाडी तीनला यायची. तीनला दहा कमी असताना ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि हाक मारली, ‘‘साहेब, दिसला का?’’

मग वरून, फार खालून बोलल्यासारखा, उताण्या पडलेल्या माणसाचा असतो तसा साहेबांचा आवाज आला.

‘‘तो गेला केव्हाच. तुम्ही थांबा जरा.’’